कार्डावरचं कुंकू

कापसात मनगटापर्यंत हात घातला की आत किती ओल आहे हे मी सांगू शकतो. मशीन नंतर सांगतं, मी आधी. चोपड्याच्या बाहेर यावल रस्त्यावर जे जिनिंग आहे, तिथं मी कापूस बघायला असतो. शेठ मला ग्रेडर म्हणतात. शेतकरी माझ्यामागं काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे, भाव पाडणारा माणूस कोणाला आवडतो? पण त्याच आवारात एक माणूस असा आहे की त्याला कोणी कधी वाकडा शब्द बोललेलं मी ऐकलं नाही. तो म्हणजे भुईकाट्यावरचा रुपचंद. सगळे त्याला नाना म्हणतात. आम्ही दोघं एकाच वर्गात, एकाच विषयात नापास झालेलो असल्यामुळं मी त्याला अरे-तुरे करतो.

रुपचंदचा बाप, पुना त्याचं नाव, मार्केट यार्डात मापाडी होता. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मापाड्यांची जुनी रीत. रुपचंद अजून दिवसाच्या पहिल्या गाडीला तोंडानं 'लाभ' म्हणतो आणि मग बटण दाबतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला लाभ काय आणि हानी काय, पण त्याला कोण सांगणार!

काट्याच्या बाबतीत मात्र तो कोणाच्या बापाला ऐकत नाही. एकदा शेठच्या सख्ख्या मेव्हण्याचं कापसाचं ट्रॅक्टर आलं. ड्रायव्हर वजनाच्या वेळी वरच बसून राहिला, तेवढंच आपलं वजन कापसात धरलं जाईल म्हणून. रुपचंदनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "खाले उतर, नहीं तं तुले बी कापूसना भावमा इकी टाकसू." मेव्हण्यासकट सगळं आवार हसलं आणि ड्रायव्हर मुकाट्यानं खाली उतरला. दुसऱ्या जिनिंगवर माल घालणारे शेतकरीही आधी आमच्याकडं येऊन नानांच्या काट्यावर गाडी चढवतात आणि आकडा मनात ठेवून पुढं जातात. शेठला ते आवडत नाही, पण बोलता येत नाही.

ह्या नावलौकिकाचा रुपचंदला माज नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगला होता. "मना तोंडमातून खोटं निंघत नहीं, गिरधर," हे तो मला चहाच्या टपरीवर अधूनमधून ऐकवायचा. दिवसाकाठी पावशेर खोटं बोलल्याशिवाय ज्याला जेवण पचत नाही अशा माझ्यासारख्याला ते ऐकून घ्यावं लागायचं. मी मनात म्हणायचो, तुला कधी गरजच पडली नाही, बाबा. काट्यावर बसलेल्या माणसाला खरं बोलायला काय जातं, आकडा समोर दिसतो.

काट्याच्या खोलीत कॉम्प्युटर आला तो शेतकऱ्यांच्या मागणीवरून. गाडीचं वजन झालं की ते वायरीतून थेट ऑफिसात जावं आणि तिथं चुकारा, म्हणजे मालाचा पैसा, निघावा, मधे माणसाचा हात नको. जळगावच्या एका दुकानातून मोहिनी नावाची मुलगी येऊन हे सगळं बसवून गेली. इंजिनियर, वयानं आमच्या पोरींएवढी, आणि कामात शिरली की पाण्याचंही भान नाही. मागच्या पावसाळ्यात वीज पडून कॉम्प्युटरचं वायर खुपसायचं मूळचं भोक जळालं, तेव्हा तिनंच डबा उघडून आत एक वेगळं नेटवर्क कार्ड बसवलं. हिरवी पट्टी, हाताच्या पंजाएवढीही नाही. रुपचंद शेजारी बॅटरी धरून उभा होता. ती त्याला म्हणाली, "नाना, आता तुमचं वजन इथून जातं बघा. एवढ्याशा पट्टीतून सगळा कापूस जातो."

तिनं सहज म्हटलं. ह्यानं ते मनावर घेतलं.

आता दसऱ्याची गोष्ट. आमच्याकडं दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते. जिनिंगची मशीनं, प्रेस, ट्रॅक्टर, सगळ्यांना हार आणि बोटभर कुंकू. बाकीचे लोक हँडलवर किंवा दर्शनी पत्र्यावर लावतात आणि मोकळे होतात. रुपचंदची पद्धत वेगळी. तो काट्याच्या खालच्या खड्ड्यात उतरतो, गाळ काढतो, आणि गाडीचा भार जिथं जिथं टेकतो त्या प्रत्येक ठिकाणी तेलात कालवलेलं कुंकू लावतो. "आकडा वर दिखास, भार खाले पडस. पूजा भारनी करानी," असं त्याचं म्हणणं. वर येतो तेव्हा चिखलानं ओळखू येत नाही. ह्या मेहनतीबद्दल मी त्याला दरवर्षी हसतो आणि दरवर्षी मनातून मला ते आवडतं.

ह्या दसऱ्याला खड्ड्यातून वर आल्यावर त्याला वाटलं, काट्याचा भार जसा खाली पडतो तसा वजनाचा भार त्या पट्टीवर पडतो. मग स्क्रीनला हार घालून कसं चालेल? त्यानं कॉम्प्युटर बंद केला, डब्याच्या बाजूचे स्क्रू काढले आणि हात जोडून आतल्या कार्डाला कुंकू लावलं. तेल इथं चालणार नाही एवढी अक्कल होती, म्हणून पाण्यात कालवलं. घरून मंदाबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, करंड्यातलं आणलं होतं. ते जरा पातळ झालं आणि पट्टीवरून ओघळून खालच्या खाचेत गेलं. दोन अक्षता टाकल्या, त्या मात्र परत वेचून काढल्या. झाकण लावलं. ह्या सगळ्याचं त्याला फार समाधान वाटलं, असं त्यानं मला पुढं सांगितलं. सांगताना तो रडत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी जोरात सुरू झाली. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. रुपचंदनं पहिली गाडी घेतली, 'लाभ' म्हणाला, बटण दाबलं. स्क्रीनवर वजन आलं, ऑफिसात काहीच गेलं नाही. परत दाबलं, तेच. ऑफिसातून आरडाओरड सुरू झाली, शेठ बाहेर आले आणि मोहिनीला फोन गेला. ती दसऱ्याच्या आदल्या दिवशीच येऊन गेली होती. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो सगळ्यात आतला भाग असतो, त्याला ते लोक कर्नेल म्हणतात, तो तिनं नवा टाकला होता. शेठच्या ते लक्षात होतं.

ती येईपर्यंत गाड्या थांबवता येईनात. रुपचंद हातानं चिठ्ठी लिहायला लागला आणि मी त्या चिठ्ठ्या ऑफिसात पोचवायला लागलो. माझा हुद्दा काय आणि मी करतोय काय! मला वाटलं होतं शेतकरी हरकत घेतील, ह्यांनीच तर मधे माणसाचा हात नको म्हटलं होतं. एकानंही घेतली नाही. "नाना लिखी राहिना ना? मंग चाली," असं म्हणत ते चिठ्ठी न वाचता खिशात घालत होते.

मोहिनी आली ती घामानं भिजून. आल्या आल्या वायर तपासली, ती ठीक. दुसऱ्या टोकाचा डबा तपासला, तोही ठीक. मग खुर्ची ओढून तिनं काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीबाही टाइप केलं आणि कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. मी चिठ्ठ्या घ्यायला आलो होतो, म्हणून विचारलं, काय झालंय?

"कॉम्प्युटर चालू होताना कर्नेल प्रत्येक पार्टला विचारतो, तू कोण? पार्ट आपला नंबर सांगतो," ती म्हणाली. "नंबरावरून कर्नेल ठरवतो ह्याच्याशी कसं बोलायचं, त्याला चालवणारा कुठला प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लावायचा. आपलं कार्ड नंबरच चुकीचा सांगतंय. एकच आकडा बदललाय, पण कर्नेल त्याला भलत्याच कंपनीचं कार्ड समजून भलताच ड्रायव्हर लावून बसलाय."

"मग त्याला कळत नाही का?"

"तो काही उघडून बघत नाही, काका. सांगितलं ते खरं धरतो."

तिनं जुना कर्नेल लावून बघितला. तसंच. चुकीचा ड्रायव्हर काढून बरोबरचा जबरदस्तीनं लावला, तर कार्ड काही दाद देईना. मग ती रुपचंदकडं वळली. शेठ तिच्या मागंच उभे होते, दारात शेतकरी दाटीवाटीनं उभे होते.

"नाना, हा डबा कोणी उघडला होता का?"

रुपचंद म्हणाला, "नाही बेटा. कोण उघडणार?"

मी तिथंच होतो आणि मला काही शंका आली नाही. तिलाही आली नाही. नाना नाही म्हणाले म्हणजे नाही. तिनं मान हलवली आणि परत पडद्याकडं वळली. नवा कर्नेल टाकताना आपणच काही बिघडवलं का, ते शोधत बसली. डबा उघडला असता तर कुंकू समोर दिसलं असतं. पण उघडायची गरजच उरली नव्हती.

खोटं बोलायलाही सराव लागतो. ज्याला सराव असतो त्याला ते परत कसं घ्यायचं हेही येतं. मी असतो तर थोड्या वेळानं कपाळावर हात मारून म्हणालो असतो, अरे हो, आठवलं! रुपचंदला तेवढंही येत नव्हतं. पुढं मी त्याला विचारलं, का बोललास? तर म्हणाला, "शेठ व्हता, लोके व्हतात. कुंकू लायं म्हंतं तं हसतात. तोंडमातून 'नहीं' निंघी गं, आनि मंग ते माले मांगे लेताच उनं नहीं." लोक हसतील एवढ्याच भीतीनं त्याच्या तोंडून 'नाही' निघालं आणि मग ते मागं घेता आलं नाही. एवढीच गोष्ट.

दुपारपर्यंत शेठचा पारा चढला. त्यांना कर्नेल कळत नाही, पण कोणावर ओरडायचं हे कळतं. "चांगलं चाललेलं असताना नवीन टाकायला सांगितलं कोणी? शिकायचं तर आपल्या घरच्या मशीनवर शिका. इथं लोक उन्हात उभे आहेत ते तुमच्यामुळं." वड्याचं तेल वांग्यावर. रांगेतल्या लोकांना ओरडायला कोणीतरी हवंच होतं, तेही सुरू झाले. एक जण म्हणाला, पोरीबाळींचं काम आहे का हे. ती टाइप करत राहिली. तिचे कान लाल झालेले मला दिसले.

शेठ गेल्यावर ती हळूच रुपचंदला म्हणाली, "सॉरी नाना. माझ्यामुळं तुम्हाला सकाळपासून हातानं लिहावं लागतंय."

रुपचंदच्या हातात चहा होता. त्यानं कप तसाच खाली ठेवला आणि पुढची चिठ्ठी लिहायला घेतली. मला तेव्हा वाटलं, नाना रागावलाय तिच्यावर. मी मूर्ख. तो शरमेनं चिठ्ठीत तोंड लपवत होता.

शेवटी तिनं ठरवलं की कार्डच मेलं असणार, नवं आणते. ती चोपड्यात दुकानं धुंडाळायला गेली. रुपचंदनं खोलीचं दार लोटून घेतलं. डबा उघडला, कार्ड उपटलं, खांद्यावरच्या रुमालानं खसाखसा पुसलं, खाचेत फुंकर मारली, परत दाबून बसवलं आणि कॉम्प्युटर चालू केला. त्याचा विचार भोळा होता. आपली घाण आपण काढली, आता ती पोर आली की सगळं सुरळीत दिसेल आणि विषय संपेल.

ऑफिसातून कोणीतरी ओरडलं, "उनं! वजन उनं!" वजन ऑफिसात पोचलं होतं. आवारात एकच गलका झाला. लोक काट्याच्या खोलीकडं धावले. नानांनी चालू केलं! इंजिनियरला जमलं नाही ते नानांनी केलं! "नानाना हातले गुण शे," असं म्हणत एकानं त्याची पाठ थोपटली. शेठनी सगळ्यांना चहा सांगितला. रुपचंद खुर्चीत बसून होता आणि त्याचं तोंड उतरलेलं होतं. लोकांना तो नम्रपणा वाटला. मलाही.

तेवढ्यात मोहिनी नवं कार्ड घेऊन आली. फाटकातच तिला कोणीतरी हसून सांगितलं, "बाई, तू गई आनि मशीन सुरू व्हयनं!" शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचे नाना चौथी नापास, तरी बरे." नाना नववी नापास आहे, पण ते सोडा.

ती खोलीत आली. झालं कसं हे बघायला तिनं कॉम्प्युटर बंद करून डबा उघडला. बोट खाचेवरून फिरवलं आणि बाहेर काढून बघितलं. मग जवळच्या कोऱ्या चिठ्ठीवर बोट पुसलं. कागदावर लाल रेघ उठली. तिनं रुपचंदकडं बघितलं. रुपचंद स्क्रीनकडं बघत होता, आणि स्क्रीनवर काहीच नव्हतं.  तिनं जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, चालतंय ना पाहिलं आणि निघून गेली. मी सगळं बघत होतो, पण दसऱ्याचं कुंकू सगळीकडंच असतं, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. त्याच संध्याकाळी शेठनी तिच्या दुकानात फोन करून सांगितलं की ह्या मुलीला आमच्याकडं परत पाठवू नका.

खाई त्याला खवखवे म्हणतात. रुपचंद घरी जेवला नाही. मंदाबाईनं विचारलं, रुमाल लाल कसा झाला? तर त्यानं तो तिच्या हातातून ओढून घेतला. बायकोशी तो असा कधी वागला नव्हता.

सकाळी गाड्या लागायच्या आधी तो शेठपुढं जाऊन उभा राहिला. मी होतो, आणखी पाच-पंचवीस लोक होते. तो म्हणाला, "शेठ, डबडं मी उघाडं व्हतं. कुंकू मी लायं. माले इचारं तं मी खोटं बोलनू. त्या पोरनी काहीच चूक नहीं."

मला धक्का बसला. आणि मग लाल रेघ, तसाच ठेवलेला चहा, सगळं एकाएकी कळलं.

शेठचा चेहरा पाघळला. "नाना," ते म्हणाले, "त्या पोरीचं काम जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. मला कळत नाही का?"

"नहीं शेठ, खरं सांगी राहिनू."

"तुम्ही खोटं बोलाल? तुम्ही?" शेठनी लोकांकडं बघितलं. लोक हसले, मायेनं हसले. उखर्डू नावाचा अकुलखेड्याचा एक शेतकरी म्हणाला, "दखा, बठ्ठा मानसं असा राहतात तं!" सगळी माणसं अशी असती तर, म्हणे. रुपचंद परत परत सांगत होता आणि जितकं सांगत होता तितका तो मोठा होत होता. मी मधे पडून म्हणालो, तो खरं बोलतोय, मी रेघ बघितली. तर मलाच म्हणाले, तू त्याचा दोस्त, तू सांगशीलच. माझ्या शब्दाला तसंही आवारात फार भाव नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी रुपचंदनं मला बरोबर घेतलं आणि आम्ही एसटीनं जळगावला गेलो.  तापीच्या पुलावर त्याला बरं वाटावं म्हणून मी दोन चांगले शब्द बोललो, तर म्हणाला, "तू गप बस, गिरधर. माले आते कोनी चांगलं बोललं तं शरम येस."  मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दुकानात मोहिनी काउंटरला होती. तिला आता बाहेरच्या कामावर पाठवत नव्हते. माउस आणि वायरी विकायला बसवलं होतं. रुपचंदनं दुकानदाराला सगळं सांगितलं, शेठपुढं सांगितलं तसंच. दुकानदार नम्रपणे हसला. म्हणाला, "काका, तुमचे शेठ स्वतः फोनवर बोलले. वर हेही म्हणाले की आमचे नाना मोठ्या मनाचे आहेत, बहुतेक तुमच्याकडं येतील."

तेव्हा मोहिनीनं खालचा खण उघडला आणि काउंटरवर कार्ड ठेवलं. तेच. पट्टीच्या सोनेरी दातांमध्ये कुंकू सुकून बसलं होतं. रुमालानं पुसताना ते वरवरचंच निघालं होतं.

दुकानदारानं कार्ड उलटसुलट करून बघितलं. मी म्हणालो, "अगं, हे तुझ्याजवळ होतं, तर त्याच दिवशी शेठना का नाही दाखवलंस?"

"दाखवून काय झालं असतं, काका?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यांनी नानांना विचारलं असतं. नाना म्हणाले असते, मी नाही उघडलं. मग हे कुंकू मीच लावलं असं ठरलं असतं. मला तर वाटलं, नाना कधीच सांगणार नाहीत."

रुपचंदनं खाली बघितलं. काउंटरला धरून उभा होता तो.  शेवटी एवढंच म्हणाला, "खरं शे बेटा. नसतं सांगं मी. त्या दिवशी तं नसतंच सांगं." माणूस स्वतःबद्दल इतकं खरं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकताना मलाच लाज वाटली.

परत आल्यावर त्यानं शेठना सांगितलं, ती पोर येत नाही तोवर मी काट्यावर बसणार नाही. ऐन हंगामात नाना नाही म्हटल्यावर शेठ काय करतील? त्यांनी दुकानात फोन केला. दुकानदारानं कार्डाची हकीगत त्यांना सांगितली. शेठ म्हणाले, ते सगळं ठीक आहे हो, पण नानांच्या शब्दासाठी मी तिला परत घेतोय.

मोहिनी आली तो दिवस गर्दीचा होता. ती खोलीत जाऊन कॉम्प्युटर बघत होती. उखर्डूची गाडी काट्यावर चढली होती. तो खिडकीशी येऊन मोठ्यानं तिला म्हणाला, "बाई, नाना व्हता म्हनीसन तू आज आठे शे. पाया पड नानाना."

रांगेतले लोक बघायला लागले. रुपचंद खुर्चीतून उठला. मला वाटलं आता उखर्डूला झापतो. पण तो मोहिनीसमोर गेला आणि एवढा मोठा माणूस, पांढऱ्या केसांचा, सगळ्यांदेखत खाली वाकला आणि त्यानं तिच्या पायाला हात लावला. "मी खोटं बोलनू आनि बोलना तुले खावा पडनात," तो म्हणाला. "माले माफ कर."

ती दचकून मागं सरकली.  बाहेरून कोणाचा तरी आवाज आला, "दखा रे, याले म्हंतस मानूस!" उखर्डूनं डोळे पुसले. शेठ ऑफिसच्या दारातून बघत होते, त्यांनी तिथूनच हात जोडले.

मोहिनीनं रुपचंदला दंडाला धरून उठवलं. ती त्याच्या कानाशी जे बोलली ते बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही, मी खोलीत होतो म्हणून मला गेलं.

"नाना, आता हे परत नका करू. तुम्ही वाकलात की तुम्ही मोठे होता. आणि दर वेळी चूक माझीच ठरते."

रुपचंदनं मान हलवली. तो खुर्चीत जाऊन बसला आणि उखर्डूच्या गाडीचं वजन घेतलं.